नाममुद्रा

अभंग संपत आला की कवी आपले नाव घेतो. कीर्तनात, दिंडीत, घरच्या भजनात हे इतक्यांदा कानावर पडलेले असते की त्यात काही विचारण्यासारखे आहे असे वाटतही नाही. पण थोडे थांबून पाहिले तर ही गोष्ट कोड्यात टाकणारी आहे. वारकरी परंपरेचा सगळा भर मीपण जाण्यावर. देहबुद्धी सुटावी, अहंता गळावी, भेटेल त्याच्या पाया पडावे. लहानाने मोठ्याच्या आणि मोठ्यानेही लहानाच्या. आणि त्याच परंपरेतला जवळजवळ प्रत्येक अभंग अखेरच्या चरणात एका माणसाचे नाव घेऊन थांबतो. नामा, जनी, चोखा, सावता, सेना, एका, तुका, बहिणी. ज्यांना स्वतःला पुसून टाकायचे होते त्यांनी नाव का कोरले? ‘ती कवितेची रीत होती’ हे उत्तर खरे असले तरी पुरत नाही. कारण त्यामागे दुसरा, अधिक खोल प्रश्न उभा आहे. अहंकार घालवण्याच्या त्याच साधनेतून ही सगळी माणसे गेली, त्याच एका देवापुढे उभी राहिली, तर शेवटी ती एकसारखी का झाली नाहीत? तुकोबांचा अभंग जनाबाईंचा वाटत नाही, चोखोबांचा सावतोबांचा वाटत नाही. माणसाला त्याचे तोच करते, दुसऱ्या कोणाच्या जागी ठेवू देत नाही, ते नेमके काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. मराठी माणसाला त्याचा शोध या नाममुद्रेपासून सुरू करता येतो, आणि तिथून तो इतर कुठूनही जाईल त्यापेक्षा लांब जातो, असे मला वाटते.

आज आपण हा प्रश्न गुणांची यादी करून सोडवू पाहतो. नोकरीच्या मुलाखतीत, वधूवरांच्या माहितीपत्रकात, शाळेतल्या ‘माझा परिचय’ या निबंधात एकच अपेक्षा असते: तुझे वेगळेपण सांग. मग मनमिळाऊ, कष्टाळू, जिद्दी, हळवा असे शब्द येतात. यांतला कोणताही शब्द एका माणसाचा नाही. जगात कष्टाळू माणसे कोट्यवधी आहेत. गुण हा स्वभावतःच अनेकांत राहणारा पदार्थ, नाही तर त्याला नावच देता आले नसते. यावर कोणी म्हणेल की सुटा गुण सामाईक असेल, पण गुणांचे मिश्रण प्रत्येकाचे निराळे असते. आपल्याकडचा जुना विचार याच वाटेने गेला. सांख्यांनी सत्त्व, रज, तम या तीनच गुणांच्या कमीअधिक प्रमाणातून सगळी सृष्टी उभी केली. आयुर्वेदाने वात, पित्त आणि कफ यांच्या मेळातून माणसाच्या सात प्रकृती मानल्या. व्यक्ती तितक्या प्रकृती, ही आपली म्हण मात्र या सातांवर समाधान मानत नाही. ती माणसागणिक एक प्रकृती मागते. मिश्रण पुरेसे बारीक केले तर तेही जमेल. आधारची नोंद दहा बोटांचे ठसे आणि दोन बुबुळे घेते आणि माणसाला 12 अंकी क्रमांक देते. तो क्रमांक दुसऱ्या कोणाचाही नसतो. पण त्या क्रमांकात त्या माणसाचे काय असते? बोटावरच्या रेषा माझ्याच आहेत हे निर्विवाद, तरी माझ्या जाण्याने जी जागा रिकामी होईल तिच्याशी त्या रेषांचा संबंध नाही. वेगळेपण हे तुलनेतून ठरते. ते मोजायला शेजारी दुसरा माणूस लागतो. एकमेवपण ही निराळी गोष्ट आहे. आईला दोन जुळी मुले असतात तेव्हा त्यांच्यातला फरक सापडेपर्यंत ती प्रेम करायची थांबत नाही.

गुणांच्या या मर्यादेची जाणीव प्राचीन भारतात एका दर्शनाला इतक्या तीव्रतेने झाली की त्याचे नावच त्यावरून पडले. कणादांच्या परंपरेला वैशेषिक म्हणतात ते ‘विशेष’ या पदार्थावरून. प्रशस्तपादांनी जी मांडणी केली ती अशी: घट आणि पट त्यांच्या अवयवांवरून, रूपावरून वेगळे ओळखता येतात. पण एकाच जातीचे दोन परमाणू घेतले, ज्यांना अवयव नाहीत आणि ज्यांचे गुणही सारखे, तर ते दोन कशावरून? आणि मुक्त झालेले दोन आत्मे घेतले, ज्यांचे सुख, दुःख, इच्छा, द्वेष, बुद्धी सगळे गळून पडले आहे, तर ते दोन कशावरून? त्यांचे उत्तर असे की प्रत्येक नित्य द्रव्यात एक ‘विशेष’ असतो, जो कोणत्याही गुणावर अवलंबून नाही आणि जो स्वतःच स्वतःला वेगळे ठेवतो. हे उत्तर मला धाडसी वाटते. सगळे गुण गेले तरी कोणीतरी उरते आणि ते दुसरे कोणी नसते, एवढे तरी या दर्शनाने ठामपणे सांगितले. पण पुढे नव्य नैयायिकांपैकी रघुनाथ शिरोमणींनी त्यावर घाव घातला तोही चुकीचा नव्हता. विशेष जर दुसऱ्या कशाच्या आधाराशिवाय स्वतःच वेगळा राहू शकतो, तर तीच शक्ती थेट त्या द्रव्याला का देऊ नये? मध्ये हा जास्तीचा पदार्थ कशाला? शिवाय माझ्या दृष्टीने याहून मोठी अडचण ही की वैशेषिकांचा विशेष मुका आहे. तो दोन आत्म्यांना वेगळे ठेवतो, पण त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. सगळे सांगणारी गुणांची यादी कोणा एकाची नसते, आणि एकाचा असलेला विशेष काहीच सांगत नाही. या दोहोंच्या मधली जागा शोधायची आहे.

चांगदेवांची कथा सर्वांना ठाऊक आहे. परंपरा त्यांना चौदाशे वर्षांचे आयुष्य देते, वाघाचे वाहन देते, योगाच्या साऱ्या सिद्धी देते. असामान्य गुणांची याहून मोठी यादी मराठी कल्पनेने दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. आणि हेच चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतात तेव्हा त्यांना मायनाच सुचत नाही. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठा म्हणून नमस्कार, या पेचात कोरा कागदच जातो. ज्ञानदेवांनी त्याला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. कथा इतिहास म्हणून घ्यायची गरज नाही. तिची समज घेण्यासारखी आहे. चांगदेवांकडे वेगळेपण भरपूर होते, पण समोरच्याशी आपले नाते कोणते हे ठरेना, म्हणून एक अक्षरही उमटले नाही. सारे गुण असून सही करता आली नाही.

आता नाममुद्रेकडे परत यावे. पहिली लक्षात येणारी गोष्ट व्याकरणाची आहे. मुद्रेत कवी ‘मी म्हणतो’ असे म्हणत नाही. तो स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करतो. तुका नावाचा कोणी एक आहे आणि तो असे म्हणतो. नाव राहिले आहे, पण नावामागचा मालकी हक्क सुटलेला आहे; जणू माणूस स्वतःपासून दोन पावले बाजूला उभा राहून स्वतःकडे बोट दाखवतो. ‘मी’ हा शब्द तर जगातला प्रत्येक माणूस वापरतो. त्याच्याइतका सामाईक शब्द दुसरा नाही. ‘तुका’ हा शब्द मात्र देहूच्या एका वाण्याचा आहे. अहंकार जपणारा माणूस सर्वांत सामाईक गोष्टीला कवटाळून बसलेला असतो, हे या छोट्या व्याकरणात दिसते. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. यातल्या कितीतरी मुद्रा एकट्या नावाच्या नाहीतच. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. एकनाथ आपल्या नावाला गुरूचे नाव जोडून ‘एका जनार्दनी’ अशी एक अखंड मुद्रा करतात. सोयराबाई चोखोबांच्या नात्याने आपली ओळख देते. तुकोबांचे धाकटे भाऊ कान्होबा ‘तुकयाबंधु’ म्हणून सही करतात. आणि ज्ञानदेवांच्या कितीतरी अभंगांत तर त्यांचे नावच नाही. तिथे ‘बापरखुमादेवीवर’ येतो, रखुमाईचा पती तो माझा बाप. ज्ञानदेवांच्या आईचे नाव रुक्मिणी आणि वडिलांचे विठ्ठलपंत, हे आठवले की या मुद्रेपाशी क्षणभर थबकायला होते. ज्या आईबापांना धर्मशास्त्राच्या निवाड्यामुळे देह टाकावा लागला असे परंपरा सांगते, त्यांची नावे मुलाने देवाच्या नावात अशी गुंफली की वेगळी काढताच येत नाहीत. हा अर्थ त्यांच्या मनात होता की नाही हे सिद्ध करता येणार नाही, पण शब्दांत तो आहे.

यावरून मला असे म्हणायचे आहे. माणसाचे एकमेवपण त्याच्या गुणांत साठवलेले नसते, आणि गुणांच्या पलीकडच्या एखाद्या मुक्या गाभ्यातही नसते. तो आपले गुण घेऊन कोणापुढे उभा राहतो आणि कसा उभा राहतो, त्यात ते घडते. गुण सामाईक असतात, नातेही सामाईक असू शकते, पण या गुणांनी धरलेले हे नाते दुसऱ्याला धरता येत नाही. आपल्या भाषेतला ‘व्यक्ती’ हा शब्दच हे सांगतो. व्यक्ती म्हणजे व्यक्त होणे, प्रकट होणे. आणि प्रकट व्हायचे तर ते कोणापुढे तरी व्हावे लागते. म्हणूनच पंढरपूरच्या विटेवर मूर्ती एकच असली तरी तिच्यापुढे बोलणाऱ्या प्रत्येकाला तिच्यात वेगळा विठ्ठल भेटतो. नामदेवांचा विठ्ठल हट्टी लेकरापुढे हरणारा, लळा लावणारा. जनाबाईचा विठ्ठल जात्याला हात लावतो, शेण वेचायला येतो. तिने त्याच्यावर रागवावे इतका तो घरचा आहे. चोखोबांचा विठ्ठल महाद्वाराच्या आत आहे आणि चोखोबा बाहेर, आणि तरीही त्यांच्या बोलण्यात तोच सर्वांत जवळचा. तुकोबांचा विठ्ठल वाद घालण्याजोगा, हिशेब मागण्याजोगा. महाजनकी करणाऱ्या घरातला मुलगा देवाशीही मुद्दल, व्याज, खोटे नाणे, खरी पारख यांच्या भाषेत भांडतो. या माणसांनी आपला स्वभाव कुठे जपून ठेवला नव्हता. तो त्यांनी देवापुढे सगळा खर्च केला. तो इतका लख्ख दिसतो याचे कारण मला हेच दिसते.

इथे एक आक्षेप लगेच येईल, आणि तो हलका नाही. सावतोबा मळ्याच्या भाषेत बोलले, सेना महाराज वस्तरा आणि आरशाच्या, नरहरी सोनार मुशीच्या, गोरोबा मडक्याच्या. मग हे वेगळेपण म्हणजे जातीने नेमून दिलेल्या धंद्याचे वेगळेपण नाही का? ज्याला आपण स्वभाव म्हणून गौरवतो आहोत तो व्यवस्थेने पाडलेला साचा नाही का? हा आक्षेप गीतेपर्यंत मागे नेता येतो. ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीला धरूनच वागतो असे तिसरा अध्याय सांगतो, आणि अठरावा अध्याय स्वभावावरून नेमलेल्या कर्माची महती सांगतो. त्या ‘स्वभावा’च्या नावाखाली शतकानुशतके माणसांना जन्माच्या खुंटीला बांधून ठेवले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलन’ या भाषणाच्या संदर्भात झालेल्या वादात संतांवर जी टीका केली ती याच दिशेची होती: संतांचा झगडा माणूस आणि देव यांच्या नात्याविषयी होता, माणसा-माणसाच्या नात्याविषयी नव्हता. ही टीका बाजूला सारून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. ज्या नात्यात चोखोबा इतके स्वतंत्र होते त्या नात्याने त्यांच्यासाठी देवळाचे दार उघडले नाही. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, बाहेरच झाली.

तरीही धंदा आणि स्वभाव, लादलेली ओळख आणि आतली घडण, यांतला फरक दाखवणारा पुरावा याच घरात आहे. चोखोबा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा पती बंका आणि चोखोबांचा मुलगा कर्ममेळा हे पाचही जण अभंग रचत होते. जात एक, घर एक, काळ एक, देव एक, अपमानही एकच. लादलेली ओळखच माणूस घडवत असती तर हे पाच आवाज सहज एकमेकांत मिसळले असते. पण सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच हात घालते: देहाला विटाळ म्हणता, तर विटाळावाचून जन्मलेला देह कोणता, असा तिचा सरळ, तर्काने चालणारा प्रश्न आहे. चोखोबांच्या बोलण्यात वेदना आहे, पण ती बहुधा आर्जवाकडे वळते. बाहेरून वाकडे दिसणारे आतून तसे नसते, हे ते उसासारख्या साध्या दाखल्यांनी समजावत राहतात. कर्ममेळ्याला समजावण्यात रस नाही. तो देवालाच धारेवर धरतो की हीन जन्म दिलास, आता तुझ्यापाशी आमची काय किंमत. बापाची नम्रता मुलाने घेतली नाही, आणि परंपरेने दोघांचेही शब्द जपले. निर्मळेचा कल भावाच्या आधाराने संसारातून सुटण्याकडे. जातीने या पाचांना एकच नाव दिले होते. त्या नावात मावले नाही ते त्यांचे स्वतःचे. लादलेली ओळख आणि स्वभाव यांची पारख मला इथे सापडते: जी गोष्ट गटातल्या प्रत्येकाला सारखीच लागू पडते ती त्या माणसाची नव्हे, त्याच्यावर घातलेली आहे. आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा आपला ग्रंथ ज्यांच्या स्मृतीला अर्पण केला त्या तिघांत नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळा आहेत. परंपरेवर इतकी कठोर टीका करणाऱ्याने ते नाव निवडले, यात त्या व्यक्तीची काही दखल आहे असे मी समजतो.

सावता माळ्यांचे उदाहरणही याच अंगाने पाहण्यासारखे आहे. मळा सगळ्याच माळ्यांना ठाऊक होता; पाण्याचे पाट, वाफे, खुरपे ही कोणा एकाची भाषा नव्हे. सावतोबांचे स्वतःचे काय, तर ते अरणचा मळा सोडून पंढरपूरला गेलेच नाहीत असे सांगितले जाते. वारी करणारा तो वारकरी. आणि वारी न करणारा माणूस या पंथाने संत म्हणून डोक्यावर घेतला. हातातले काम हीच त्यांची पूजा होती आणि त्यासाठी ठिकाण बदलायची त्यांना गरज वाटली नाही. पंथाला एकसारखेपण हवे असते तर सावतोबा पहिल्या पिढीतच गाळले गेले असते. उलट आषाढी झाल्यावर पांडुरंगाचीच पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. एका माणसाच्या न जाण्याला सबंध परंपरेने दिलेला हा मान आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा आहे आणि तो थेट मुद्रेवरच आहे. नामदेवांच्या नावावर असलेले सगळे अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातल्या त्या शिंप्याचे नाहीत. एकनाथांच्या काळातले विष्णुदास नामा आणि त्यांच्यानंतरचे आणखी कितीतरी कवी याच नावात मिसळले आहेत. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, त्यांची भाषा आणि भाव मराठी गाथेहून बराच निराळा. ख्रिश्चन नोव्हेट्झके या अभ्यासकाने 2008 साली नामदेवांवर लिहिलेल्या ग्रंथात अशी मांडणी केली आहे की ‘नामा’ हे एका लेखकाच्या मालकीचे नाव राहिलेले नाही, ते कीर्तनाच्या परंपरेने सामूहिक स्मरणातून वाहिलेले नाव आहे. तुकोबांच्या गाथेतल्या साडेचार हजारांहून अधिक अभंगांतही प्रक्षिप्त किती याचा वाद जुना आहे. मग जी मुद्रा कोणालाही उचलून लावता येते ती एकमेवपणाचा पुरावा कसा? मी हा आक्षेप उलटा वाचतो. नाव उसने घेता येते, आवाज सहजासहजी घेता येत नाही. एखादा अभंग तुकोबांचा ‘वाटत नाही’ असे म्हणणारा संपादक किंवा साधा वारकरी कशाच्या बळावर ते म्हणतो? शब्द तेच, छंद तोच, शेवटी नावही तेच, आणि तरी कान नाकारतो. हा कान दर वेळी बरोबर असेल असे नाही, पण त्याला नाकारण्याजोगे काही ऐकू येते हाच मुद्दा आहे. आणि ज्या कवींनी नामदेवांचे नाव घेऊन लिहिले, त्यांनी त्या नावाखाली लपायचे ठरवले असेल तर ते त्या स्वभावाची ओढ वाटल्यामुळेच. ज्याला स्वभावच नाही अशा माणसाच्या आवाजात कोणाला बोलता येत नाही.

मग ज्यांच्याकडे नावही नव्हते त्यांचे काय? हा प्रश्न मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण संतांची उदाहरणे ही शेवटी मोठ्या माणसांची उदाहरणे आहेत. महाराष्ट्रातल्या बायकांनी जात्यावर ओव्या म्हटल्या आणि त्या ओव्यांना मुद्रा नाही. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तीच सीता, तोच भाऊराया, तेच माहेर, तोच पंढरीचा रस्ता. इथे सामाईकपणाची कमाल आहे; ओवी आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जाते आणि ती कोणाची असे कोणी विचारत नाही. तरी हे काम करणाऱ्यांनी ओवीबरोबर म्हणणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव नोंदवून ठेवले, ते उगीच नव्हे. पिढीजात ओवी म्हणताना एक बाई भावाच्या जागी आपल्या भावाचे नाव घालते, दुसरी एखादी ओळ गाळते कारण तिच्या आयुष्यात ती खरी नाही, तिसरी तीच ओळ दोनदा म्हणते. जात्यापाशी बसलेल्या बाईला आपण वेगळे काही करतो आहोत याची जाणीवही नसते. तिला वेगळे दिसायचे नाही, तिला दळण उरकायचे आहे आणि मनातले बोलायचे आहे. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही, कारण इथे कीर्ती नाही, पंथ नाही, नावही नाही, आणि तरी त्या बाईचे म्हणणे तिचेच आहे.

राहता राहिला अद्वैताचा आक्षेप, आणि तो सर्वांत उंचावरून येतो. अंतिम सत्य एकच असेल तर हे सगळे वेगळेपण उपाधीचे; घागरीतले आकाश आणि माठातले आकाश वेगळे भासते ते घागर-माठ आहेत तोवर. मग संतांच्या स्वभावांचे कौतुक म्हणजे मडक्यांच्या आकाराचे कौतुक. इथे मला ज्ञानदेवांचा आधार वाटतो, आणि तो ‘अमृतानुभवा’त आहे. अद्वैत मांडणाऱ्या या ग्रंथातले सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानाचे खंडन करते. अज्ञान ही काही वस्तूच नाही हे त्यांनी इतक्या चिकाटीने दाखवले, कारण जग हा अज्ञानाने पडलेला डाग आहे ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. जे दिसते आहे ते त्या एकाचेच स्फुरण, त्याचाच विलास. ही भूमिका घेतली की प्रश्न बदलतो. वेगळेपण ही जर चूक नसेल, तर ते पुसून काढण्याची गरज नाही. त्याच्यावरचा दावा तेवढा सोडायचा. म्हणूनच हा अद्वैती पुढे भक्तीला जागा ठेवतो, देव आणि भक्त एक असूनही त्यांच्यातले प्रेमाचे दोनपण राखतो. शंकराचार्यांच्या मार्गाने जाणाऱ्याला हे पटणार नाही, आणि तो वाद इथे मिटणारा नाही. मला इतकेच म्हणायचे आहे की मराठी परंपरेने या फाट्यावर जी वाट धरली तिच्यामुळेच ‘ज्ञानदेव’ आणि ‘नामदेव’ ही दोन वेगळी नावे राहू शकली, ती एकमेकांना कडकडून भेटलेली असतानाही. एक ओवीत प्रत्येक दृष्टांत हळुवार फिरवून पाहणारा, कोणावरही आवाज न चढवणारा. दुसरा दाराशी रडणारा, हट्ट करणारा.

कोणी असेही विचारेल की ज्याचा देवावर विश्वास नाही त्याला या सगळ्याचा काय उपयोग. त्याने विठ्ठलाच्या जागी कोणीही ‘तू’ ठेवून पाहावा: ज्याच्यासाठी तो काम करतो तो, ज्याची तो शुश्रूषा करतो तो, ज्या विषयाच्या मागे तो आयुष्य घालतो तो विषय. तिथे त्याला आपले गुण मोजत बसायला वेळ नसतो, आणि नेमके तिथेच इतरांना तो ओळखू येतो. हातची कामे करणारे हे नेहमी पाहतात. हे मडके कोणाच्या चाकावरचे, ही शिवण कोणाच्या हातची, हे जाणकाराला विचारावे लागत नाही, आणि करणाऱ्याने त्यावर खूण केलेली नसते. देवाच्या जागी काम ठेवले तर सगळे जसेच्या तसे बसते असा माझा दावा नाही. कामाला कान नसतात, आणि ऐकणारा नसेल तर जनाबाईचा रुसवा कोणापुढे? पण दिशा तीच आहे.

पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची आहे. आत जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडत राहावी, इतके खाली, इतके निनावी होऊन राहावे म्हणून त्यांनी तिथे समाधी घेतली अशी श्रद्धा आहे. समोर थोड्याच अंतरावर चोखोबांची समाधी आहे. देवळात दगडी पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि माणसे त्यांच्यावरून रोज हजारोंनी चढतात. नामदेवांच्या पायरीशी मात्र ती थांबतात, वाकून तिला हात लावतात, आणि तिच्यावर पाय पडू न देता, ती ओलांडून आत जातात.